कार्बनची सायकल मागच्या सीटवर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, बदली होऊन आपल्याला सोडून निघालेले आपल्या सायकल मंडळाचे कप्तान, त्यांच्या सौभाग्यवती, आणि समोर बसलेल्या माझ्या सायकलवेड्या मित्रमैत्रिणींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी कप्तानांच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं. एकांनी तर त्यांना देवमाणूस म्हटलं. मला तेव्हा ठसका लागला, म्हणून पाणी मागवलं. गैरसमज नसावा.

मला त्यांची एकच आठवण सांगायची आहे. गेल्या वर्षीच्या घाटाच्या सफरीची. कप्तान नेहमीप्रमाणे पुढे होते. त्यांच्यामागे आमचे हे, आणि बरीच मागे मी. उतारावर कप्तानांची चेन गिअरमध्ये अडकली आणि त्यांनी भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबले. हात वर करणं, ओरडून सांगणं हे नियम तुम्हाआम्हाला, कप्तानांना कशाला? ह्यांनी त्यांना वाचवायला सायकल वळवली आणि हे कठड्यावर आदळले. मी पोचले तेव्हा गळ्याजवळचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं.

कप्तान धावत आले. कोणाकडे? स्वतःच्या सायकलकडे! "फ्रेमला तडा गेलाय का बघा जरा," असं मलाच म्हणाले. माझा नवरा रस्त्यावर पडलाय आणि मी फ्रेम बघायची!

मंडळाची जीप आली. पुढे ड्रायव्हरशेजारी कप्तान बसले. मागच्या सीटवर त्यांची सायकल आडवी झोपवली, खाली स्वतःचं जाकीट अंथरून. मी म्हटलं, "अहो, ह्यांना मागे बसवू या. सायकल टपावर बांधा."

"टपावर चरे पडतात, वहिनी. कार्बनची फ्रेम आहे. एकदा तडकलं की संपलं. हाडं काय, जुळतात! दुसरी गाडी पाठवतो."

आणि जीप गेलीसुद्धा! मी सायकलची जादा ट्यूब काढली, ह्यांच्या गळ्यात झोळीसारखी अडकवली आणि तिच्यात ह्यांचा हात ठेवला. ऊन चढेपर्यंत कठड्याच्या सावलीत बसलो. दुसरी गाडी आजतागायत आलेली नाही. शेवटी एका कोबीच्या टेम्पोवाल्याने थांबून आम्हाला घेतलं. प्रत्येक खड्ड्याला हे ओठ चावत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड सरकलंय, आता प्लेट घालावी लागेल.

कप्तान भेटायला आले बरं का. उगाच नावं ठेवू नयेत. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "माझा हवेचा पंप तुमच्याकडे राहिलाय वाटतं." पुढच्याच महिन्यात त्यांनी याच सभागृहात 'अपघात आणि प्रथमोपचार' या विषयावर व्याख्यान दिलं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. तिसऱ्या रांगेतल्यांनी माना खाली घालायची गरज नाही.

आमच्या ह्यांचं सलून आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची पार खाली करतात, स्वतः उंच स्टुलावर बसतात, आणि कापतात. सायकल सुटली. मी एकटीच येते. घरी परतल्यावर हे "आज कुठवर?" एवढंच विचारतात.

आता जरा कप्तानांकडे बघा. केस किती सुबक कापलेत! आज सकाळी ते आमच्याच दुकानात येऊन गेले. दुपारी मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही त्याचे केस कापलेत?"

"गिऱ्हाईक होतं," हे म्हणाले.

"हाताबद्दल काही विचारलं त्याने?"

"नाही."

"मग काहीच बोलला नाही?"

"बोलला ना. उजव्या बाजूला जरा वरखाली झालेत म्हणाला."

मित्रहो, याउपर मी त्यांचा गौरव काय करणार? कप्तानांची सायकल नव्या गावी बिनचरा पोचो, ही सदिच्छा. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. ती त्यांनी नक्की का दिली, हे ते आता एकमेकांना विचारत असतील. बोलण्याच्या ओघात काही जास्त बोलले असेन असं मला वाटत नाही. जे सांगायचं राहून गेलं, त्याबद्दल मात्र आपण सर्वांनी मला उदार मनाने क्षमा करावी.