क्विंटाना बाई आणि माझ्या तीन स्वतंत्र उद्योजिका

आजच्या या गोड सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या उपाहारगृह-मालक संघाचे आधारस्तंभ माननीय हार्लन व्हॉस. नगरपालिकेतून वाट वाकडी करून आलेले व्यासपीठावरील मान्यवर. ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या पाइन फोर्क गावच्या कामगार कचेरीतल्या माननीय थेल्मा क्विंटाना बाई. आणि समोर बसलेले माझे स्नेही, माझे स्पर्धक आणि जे दोन्हींत मोडतात ते सगळे. आपणा सर्वांना ऑर्व्हिल स्टॅनेकचा नम्र नमस्कार!

अध्यक्ष महाराजांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला हसू येतंय, कारण याच अध्यक्षांनी गेल्या वर्षी पार्किंगच्या ठरावावर पाऊण तास घेतला होता. असो. रागावू नका, हार्लन, आज आनंदाचा दिवस आहे.

आता तुम्ही म्हणाल, किमान वेतनाचे नियम बघणारी बाई निवृत्त होते म्हणून मालक लोकांना आनंद? छे छे, तसला आनंद नव्हे! तो पहिल्या दिवसाचा आनंद होता, बातमी आली तेव्हाचा. नंतर मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, ''अगं, आता आपल्याला वेळेवर रागावणार कोण?'' ती म्हणाली, ''मी आहे की.'' पण त्यात आणि यात फरक आहे, सभ्य गृहस्थहो. बायको रागावते तेव्हा लेखी उत्तर द्यावं लागत नाही.

बाईंबद्दल पुष्कळ जण पुष्कळ बोलले. त्या किती कार्यतत्पर, किती निःस्पृह वगैरे. सगळं खरं. पण बाईंनी मला जाहीरपणे, माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर कसं पकडलं, ते सांगायचं धाडस कुणी केलेलं नाही. कारण ते करायला माझ्याइतका निर्लज्ज माणूस लागतो. ऐका तर.

आमचं डायनर वडिलांच्या वेळचं. तिथं टेबलं सांभाळणाऱ्या तिघी जणी: बर्निस, जोलीन आणि रोवीना. त्यातली बर्निस वडिलांनी कामावर घेतलेली. मी शाळेत होतो तेव्हापासून ती मला ''ऑर्व्हिल बाळा'' म्हणते, आणि आज माझं टक्कल पडलं तरी म्हणते. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो, आमच्या धंद्यात टेबलावरच्या बाईचा मूळ पगार कमी असतो, बाकीचं गिऱ्हाइकांच्या टिपांवर. मात्र टिपा कमी पडल्या, तर किमान वेतनाइतकी भर मालकानं घालायची. हिमवादळाच्या दिवशी दुकानात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. टिपा कुठून येणार? भर घालतोय कोण? हा तुमचा सेवक!

काही वर्षांपूर्वी गावानं किमान वेतन वाढवलं आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माणूस कुणाकडे जातो? मेहुण्याकडे! आमचे ड्वेन त्या काळी अ‍ॅपवरून जेवण पोचवायच्या धंद्यात शिरले होते. ते म्हणाले, ''दाजी, कुठल्या युगात राहताय? नोकर ठेवतंच कोण आता? तिघींना भागीदार करा. स्वतंत्र उद्योजिका! मोबाइलवर कामाची पाळी टाकायची, ज्या उचलतील त्या येतील. पगार नाही, भर नाही, विमा नाही, डोक्याला ताप नाही.''

मी म्हटलं, ''कायद्यात बसतं का?''

''कागद आहे ना!'' ड्वेन म्हणाले, आणि कुठूनसा उतरवून घेतलेला चार पानी करारनामा माझ्या हातात ठेवला. मी तो वाचला का? मंडळी, प्रामाणिकपणे हात वर करा, तुमच्यापैकी किती जण वाचतात? ...हं. नगरपालिकेच्या साहेबांनीसुद्धा हात खाली ठेवलाय, याची नोंद घ्यावी.

तिघींनी सह्या केल्या. जोलीन आणि रोवीना कुरकुरत. बर्निसनं चष्मा लावला, चारही पानं वाचली, सही केली आणि म्हणाली, ''बाळा, थंडीत दोन दिवस दुकान ओस पडलं, तर मी घरभाडं काय या उद्योगातून देऊ?'' मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, ''बर्निस, तू आता स्वतःची मालकीण आहेस!'' आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. बासष्ट वर्षांच्या बाईला मी असं सांगितलं, आणि वर तिनंच आणून दिलेला फळांच्या सारणाचा पाय खात बसलो.

बर्निस गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुपारी ती थेट कामगार कचेरीत. बाईंनी करारनामा वाचला. मला नंतर कळलं, की बाई म्हणाल्या, ''तुम्ही काय करावं हे मी सांगू शकत नाही. मी एवढंच विचारते, सातवं कलम वाचलंत का?''

सातव्या कलमात लिहिलं होतं: भागीदार आपली वेळ, पोशाख आणि कामाची पद्धत स्वतः ठरवील. त्यात दुसऱ्या पक्षाला ढवळाढवळ करता येणार नाही.

दुसरा पक्ष म्हणजे मी!

आणि मग उजाडला शनिवार. साधासुधा नव्हे हं, एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमातला पहिला शनिवार! सकाळी आठाला केशरी जॅकेटवाल्या शिकाऱ्यांनी डायनर खचाखच भरलेलं. दाराबाहेर रांग. आत कोण? मी, आचारी आणि काउंटरच्या टोकाला एक नीटनेटक्या बाई, समोर पॅनकेक, शेजारी वही. मी ओळखलं नाही. हसून म्हणालो, ''बाई, कॉफी आमच्याकडून.'' त्या म्हणाल्या, ''नको. सरकारी कामावर आहे. बिलात लावा.'' तेव्हा कुठं कळलं, या कामगार कचेरीतल्या क्विंटाना बाई!

पावणेनऊला जोलीन आली. एप्रन नाही! डोक्यावर नवऱ्याची काउबॉय टोपी, पायात चमचमणारे बूट. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, ''पोशाख, सातवं कलम.'' बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग रोवीना. ती आली, खिडकीजवळची दोन टेबलं निवडली आणि बाकीच्यांकडे पाठ केली. एक दाढीवाला शिकारी ओरडला, ''अहो ताई, आम्ही अर्धा तास बसलोय!'' ती गोड आवाजात म्हणाली, ''दादा, माझी कंपनी फक्त उजेडाच्या बाजूला सेवा देते.''

माझी कंपनी! ऐकताय ना तुम्ही?

आणि साडेनवाला बर्निस. अगदी सावकाश. हातात घरी केलेला आंबट देठांच्या र्‍हुबार्बचा पाय. तो तिनं दुकानाच्या पायांच्या शेजारी काचेच्या कपाटात मांडला आणि खडूनं पाटी लावली: 'बर्निस आणि मंडळी. शेजारच्यापेक्षा ताजा.' शिकारी त्याच्यावर तुटून पडले! मी तिच्या कानाशी जाऊन पुटपुटलो, ''बर्निस, काय चालवलंयस तू हे?''

''धंदा,'' ती म्हणाली.

मंडळी, माझी अवस्था डोळ्यांसमोर आणा. आचारी खिडकीतून थाळ्यांवर थाळ्या पुढे सरकवतोय. हिरव्या मिरचीचा रस्सा गार पडतोय. सहा नंबरचं टेबल चमच्यांनी ताल धरून गातंय. आणि मला एक शब्द बोलता येत नाही! का? कारण मी ''एप्रन घाल'' म्हटलं, ''उद्या सातला ये'' म्हटलं, ''ते टेबल घे'' म्हटलं, की मी झालो मालक आणि त्या झाल्या नोकर. आणि तो शब्द उचलायला वही उघडून बसलेली बाई पाच फुटांवर! मी ओठ आवळून स्वतःच थाळ्या उचलल्या. एका गृहस्थाच्या मांडीवर रस्सा सांडला, दुसऱ्याचं ऑम्लेट तिसऱ्याला दिलं, आणि टिप मिळाली ती एकच, ''मालक, बसा आता'' असं सांगणारी.

दहा वाजून बारा मिनिटांनी माझा बांध फुटला. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, ''बर्निस! सहा नंबर! आत्ताच्या आत्ता!''

चमचे थांबले. बर्निसनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ टिपली आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, ''स्टॅनेक साहेब, असं कोण बोलतं?''

मी म्हटलं, ''मालक बोलतो हो, मालक! मीच मालक! घ्या लिहून!''

मला सांगा, गावाच्या इतिहासात कुणी इतक्या मोठ्यानं कबुलीजबाब दिलाय का? शिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या! बर्निसनं खुंटीवरचा एप्रन काढला, कमरेला बांधला आणि म्हणाली, ''एवढंच ऐकायचं होतं, बाळा.'' पंधरा मिनिटांत सगळं दुकान मार्गी लागलं. त्याच दुपारी बाईंनी काउंटरवर बसून मला नियम समजावले, एकेक करून, शाळेतल्या पोराला समजावावेत तसे. करारनामा मी त्यांच्यादेखत फाडला. ड्वेनना फोन केला, तर ते म्हणाले, ''दाजी, मी सातवं कलम वाचलंच नव्हतं!''

आता जरा आवाज खाली आणतो. रागावू नका.

ही ऑक्टोबरची गोष्ट. डिसेंबरात, मागच्या दारी कचरा टाकायला गेलेली बर्निस बर्फावरून घसरली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मीच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. वाटेत ती कण्हत नव्हती. मला एकच विचारत होती, ''बाळा, मी नोकर आहे ना? अजून नोकर आहे ना?'' मी म्हणालो, ''आहेस गं, आहेस.'' आणि ती होती! म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च विम्यानं केला. म्हणून चार महिने ती अंथरुणात होती तरी घरी पैसे येत राहिले, आणि भाड्याचं घर तिच्या हातून गेलं नाही. दोन महिन्यांपूर्वीचा तो कागद टिकला असता, तर त्या गाडीत मी तिला काय उत्तर दिलं असतं? स्वतःची मालकीण आहेस, असं? बाई, लोक म्हणतात तुम्ही बर्निसला वाचवलंत. ते खरंच आहे. पण मलाही वाचवलंत तुम्ही. मी अजून आरशात बघून दाढी करू शकतो, ती तुमच्यामुळे.

झालं, झालं. डोळे पुसा सगळे. हार्लन, तुम्हीसुद्धा.

बर्निस आज इथं आली आहे. तिसऱ्या रांगेत, निळ्या स्वेटरमध्ये. उभी राहा गं जरा! ...टाळ्या! काल मी तिला म्हणालो, ''उद्या दुपारी दोनला समारंभाला यायचं हं, चुकवायचं नाही.'' हे मी मघाशी व्यासपीठावर सत्कारमूर्तींना मोठ्या प्रेमानं सांगितलं. त्यांनी गळ्यातला हार जरा बाजूला केला, माझ्याकडे वाकल्या आणि कानात म्हणाल्या, ''स्टॅनेक साहेब, यायलाच हवं असं मालकानं सांगितलं, तर ते कामाचे तास धरतात.''

तेव्हा सभ्य स्त्री-पुरुषहो, मी तुम्हा सर्वांचे, संघाचे, नगरपालिकेचे आणि हा हॉल देणाऱ्या अग्निशमन दलाचे मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा, आणि मला बसू द्या. बर्निस दोन वाजल्यापासून कामावर आहे.