फेन्नाचा पाठराखा

हॅलो?… कोण, येल्मर? अरे, किती दिवसांनी… नाही रे, वाटाण्याचं सूप चढवलंय, शिजेल आपलं. बोल. शाळेची मधली सुट्टी का?… बरं. माझा प्रबंध पोचला ना? आणि आतलं निमंत्रण?

काय?… नाही म्हणजे काय नाही?

अरे ऐक ना… हो, हो… ऐकून तर घे. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला शेजारी उभे राहायला दोन पाठराखे लागतात. एका बाजूला माझा भाऊ, दुसऱ्या बाजूला तू. ठरलंय माझं.

मग? डॉक्टरेट अर्धवट सोडलीस म्हणून काय झालं?… कोण हसतंय तुला? सर? सर अजून विचारतात, आमचा ग्रोनिंगेनचा मास्तर काय म्हणतोय… हो, मास्तरच म्हणतात. प्रेमानं.

येल्मर, आठवतं ना? भरल्या वर्गात मी ठणकावून सांगत होते, कृष्णविवरात पडलं ते बुडालं, त्याची खूणसुद्धा बाहेर यायची नाही. गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी, दोघांचं कधी जमायचंच नाही. आणि तू मागून उठलास… हो, हळूच बोललास. म्हणून तर जास्त झोंबलं. 'फेन्ना, तू समीकरणातलं एक पद सोडलंयस.'

… हो, नव्हते बोलत. वर्षभर तोंड फुगवून बसले होते.

पण ते पद घातलं आणि गणित उलटलं ना. विवर विरत जातं, तशी आत पडलेल्याची खबर थोडी थोडी बाहेर येते. निदान आमच्या कागदावरच्या इवल्या विश्वात तरी दोघांची दिलजमाई झाली… नाही, माझ्या हुशारीनं नाही. तू गप्प बसला असतास तर मी चुकीच्या उत्तरावर डॉक्टर झाले असते रे. फार उपकार झाले तुझे. हे कधी बोलले नाही, आज बोलते.

… पण काय?

काहीतरी लपवतोयस. आवाजावरून कळतं… नाही रागावणार. सांग… कितवं पान? थांब, हात पुसते… हं, काढलं. तिसरी ओळ… दोनानं भागायचं राहिलं?

अगंबाई. राहिलंच की.

पुढे काही बिघडतं?… नक्की? वाचले. आता छापून झालंय… शुद्धिपत्राचा कागद घालीन आत, सगळेच घालतात.

पण काय रे, हे तर परिशिष्ट आहे. हे सरांनीसुद्धा वाचलेलं नाही… म्हणजे तू अख्खा प्रबंध वाचलास? प्रत्येक ओळ करून बघत?… आणि म्हणे भौतिकशास्त्र सोडलं. पोरांच्या वह्या तशाच पडल्या असतील तिकडे.

… घंटा झाली ना? ऐकू आली मला. जा, पण एवढं सांगून जा. पाठराख्याचा तो मागे शेपटी असलेला काळा कोट भाड्यानं आणायचाय. छातीचं माप काय तुझं?

… आता परत नाही म्हणू नकोस, आकडा सांग.

… हं… हं. आणि बाह्या?… लिहिलं.

थँक्यू रे. ठेवते.