तुरट बाटली

रेणापुरात टँकरच्या रांगेत ग्यानोबा आणि कस्तुराबाई, हे म्हातारं जोडपं उभं होतं.

"नातवानं नाशकाहून आणलेल्या दोन लाल वाइनींतली कोणती ठेवलीस?" ग्यानोबानं विचारलं.

"तुरट. तुरट असती तीच दहा वर्सं टिकती म्हणला."

"उभी ठेवलीस?"

"आडवी. रांजणाखालच्या वाळूत. गार पायजे म्हणला, म्हून रोज तांब्याभर पाणी शिंपडते."

"आठ दिसाला टँकर येतो, अन् तू वाळूवर पाणी घालून राहिलीस?"

"त्याच्या लेकराच्या बारशाला उघडायची हाय."

"त्याचं लगीन तरी कुठं झालंय?"

"म्हून तर टिकणारी ठेवली."

"तवा आपण असू का गं?"

"बाटली असंल."

रांग दोन पावलं सरकली. ग्यानोबानं तिच्या हातातली घागर आपल्याकडं घेतली.

"उद्यापून मी हातपाय रांजणापाशीच धुतो."