मागचा हात

१९९८ सालचा जून होता. नाशिकच्या सीबीएसवर एसटीच्या मासिक पासाच्या रांगेत निफाडच्या सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे एक टोपीवाला, त्याच्यापुढे छाया नावाची तरुण बाई आणि तिची कॉलेजातली नणंद सायली. रांग जागची हलत नव्हती. टोपीवाला मात्र छायाच्या अंगाशी सरकत चालला होता. सगुणाबाईंना ते दिसत होतं, पण परक्या बाईला सांगावं कसं, ते सुचत नव्हतं.

"सायली, कराटेच्या क्लासात सध्या काय शिकवतात गं?"

"साधा ठोसाच, वहिनी. महिना झाला, तेच चाललंय."

"मला दाखव ना."

"इथं? रांगेत?"

"इथंच."

"मूठ घट्ट वळा. अंगठा बाहेर. आता उजवी मूठ सरळ पुढं आणि डावी मागं, कमरेशी."

"मागची कशाला?"

"सर म्हणतात, मागचा हात जेवढा जोरात येतो, तेवढा पुढचा ठोसा नीट बसतो."

"कोपर कुठवर न्यायचं?"

"जाईल तिथवर."

"असं?"

"अहो बाई, बरगडीत बसलं माझ्या."

"लागलं का? शिकतेय अजून. सायली, बरोबर आलं?"

"खांदा उचललात तुम्ही. परत करा."

टोपीवाला रांग सोडून पार शेवटी जाऊन उभा राहिला. सगुणाबाई एक पाऊल पुढे झाल्या.

"पोरी, मी डावरी हाय. मला उलटं करावं लागंल का?"