दहावीतली झोप

कोल्हापुरात डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. शेजारी मलकापूरची एक बाई होती आणि तिच्या खांद्यावर मान टाकून तिची दहावीतली मुलगी. पलीकडच्या आजींनी विचारलं,

"पोरीला ताप हाय व्हय?"

"न्हाय वो. रातभर टक्क जागी असती. पहाटं कुठं झोप लागती, तवर शाळेची एस्टी येती."

"टीव्ही बघत असंल."

"मलाबी तसंच वाटलं. टीव्ही काढून ठिवला. तरी अंधारात डोळं उघडं ठिवून पडती."

"मग उठवतीस कशी?"

"तोंडावर पाणी मारून. काल मारलं, तर वल्ल्या केसानंच दप्तर भरत बसली."

आतून कंपाउंडरनं हाक मारली, "प्रियदर्शनी चौगुले."

"आजी, तुम्ही जावा आदी. आत्ताच डोळा लागलाय तिचा."