अडुळशाआडचा जप

मंडळी, एक सांगा. खरं सांगा हं, देवळात बसलाय! आपण देवाचं नाव घेतो, ते देव ऐकतो म्हणून घेतो — की शेजारी ऐकतात म्हणून?

हसू नका! हसला तो सापडला! आणि उत्तर मला तर मुळीच विचारू नका. फेटा बांधून, बुक्का लावून, चार गावांत पत्रकं वाटून देवाचं नाव घेणारा माणूस मी! माझ्या एकांताचं काय विचारता! म्हणून दुसऱ्याची गोष्ट सांगतो. आपले दोष दुसऱ्याच्या नावावर खपवायचे — यालाच आम्ही कीर्तनकार आख्यान म्हणतो.

ऐका तर. गडहिंग्लजला, गावाबाहेरच्या एका कॉलनीत त्र्यंबकआप्पा राहायचे. सगळी नोकरी एसटीत, स्टँडवर कंट्रोलर. काचेमागं बसायचं आणि भोंग्यातनं सांगायचं — "कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे!" की सगळं स्टँड पिशव्या उचलून पळालंच! ज्याच्या एका शब्दावर शेकडो माणसं धावली, त्यानं रिटायर झाल्यावर कुणाला धावायला लावायचं हो? घरात एक बायको, गोदाकाकू. आणि त्या काही धावणाऱ्यांतल्या नव्हत्या!

मग आप्पांनी जपमाळ धरली. चांगलं केलं! सकाळी आंघोळ करून, भस्माचे पट्टे ओढून, अंगणात चाफ्याखाली पाटावर बसायचे. अंगण रस्त्याला लागून, मध्ये नुसती काटेरी तार. येणारा-जाणारा थबकायचा, हात जोडायचा — "आप्पांचा जप चाललाय, हळू चला!" आणि आप्पा चारचौघांत कुरकुरायचे, "काय करू, एकांतच मिळत नाही. लोक सारखे बघतात. मन लागत नाही."

कुरकुर कशी? जिलबीचा तिसरा वेढा उचलताना 'फार गोड झालीय हो' म्हणावं, तशी!

पण गोदाकाकूंनी ती खरी मानली — किंवा मानल्यासारखं केलं. म्हणाल्या, "मग तारेला लागून झाडी लावा की. बसा आत निवांत." झालं! बोललेलं गळ्यात आलं!

मंडळी, कुंपणाला झाड निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं. ज्याला विचारावं तो नवं स्थळ सांगतो! कुणी म्हणालं, शेर लावा. काकू म्हणाल्या, "चीक डोळ्यांत गेला म्हणजे?" कण्हेर लावावी तर विषारी, आणि शेजारी मालूताई चौगुल्यांच्या शेळ्या. बांबू झटकन वाढतो, पण पसरत पसरत घरात यायचा आणि आपण भाडेकरू व्हायचो! मेंदी गुणाची, पण वाढते सावकाश, आप्पांना धीर कुठला! शेवटी अडुळसा ठरला. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, काडी खोचली तरी जगतो, पानं कफाला औषध. पावसाच्या तोंडाला हातहात अंतरावर काड्या खोचल्या आणि श्रावणात त्या तरारल्या.

गुडघ्याएवढा झाला तशा काकू म्हणाल्या, "अहो, आता शेंडे खुडा. शेंडा खुडला की बगलेतनं फुटवे येतात, बुडापासून दाट होतं."

"खुडा काय? मला उंच हवाय!"

"उंच होईल हो! पण खाली नुसत्या काठ्या राहतील."

"अगं, सुटलेली गाडी मध्येच थांबवायची नसते!"

काकू म्हणजे शहाणी बाई. पुढचा स्टॉप त्यांना ठाऊक होता.

दोन पावसाळ्यांत अडुळसा आप्पांच्या डोक्यावर गेला. हिरवीगार भिंत! रस्ता दिसेना, माणूस दिसेना. आप्पा ऐटीत पाटावर बसले. डोळे मिटले. राम... राम... रस्त्यावर चपला वाजल्या. आप्पांचे कान टवकारले. कोण असेल? थांबला का? हात जोडले का? — आणि चपला गेल्या की हो निघून! आत एवढा मोठा साधक बसलाय, याची त्या चपलांना दादच नाही!

राम... पाठ खाजवली. राम... मुंगी झटकली. मग मोठ्यांदा खाकरून बघितलं. मग भोंग्याच्या आवाजात — "श्रीराऽऽम!" — जणू रामच फलाटावर लागतोय! तरी कुणी थांबेना. शेवटी एके दिवशी आप्पा पाटावरनं उठले, इकडंतिकडं बघितलं, आणि फांद्या सारून कुंपणाला भोक पाडलं. कोण जातंय ते बघायला!

म्हणजे एकांत हवा म्हणून भिंत उभी केली आणि भिंतीला खिडकी पाडली! हसा, पोटभर हसा. मी अभंगात तल्लीन होतो ना, तेव्हा माझाही एक डोळा नीट मिटत नाही. आमच्या तबलजींना माहीत आहे, म्हणून तर ते खाली बघतायत!

पुढं काय झालं? मालूताई फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "आप्पा, आज पाय लवकर उठलं की!"

"पाय? कुणाचे पाय?"

"तुमचंच की! कुंपणाखालनं समदं दिसतंय न्हवं! मुंग्या झटकत्यात, उठत्यात, भोकापाशी जात्यात, टाचा वर करून हुबं ऱ्हात्यात. आमच्या दारातल्या बायका रोज बघत्यात!"

वर पानंच पानं, आणि खाली नुसत्या काठ्या! गल्लीला आप्पांचा जप दिसत नव्हता, पण जप सोडून हिंडणारे पाय तेवढे रोज दिसत होते. साधूचे पायच ते — लोकांनी दर्शन घेतलं, काय चुकलं?

आत गोदाकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या. धाप लागली. हसू थांबलं... धाप थांबेना.

कोल्हापूरला नेलं. हृदयाची झडप निकामी झालेली, ऑपरेशन लगेच करायला हवं. लेक वृंदा पुण्याहून धावत आली. आप्पा बाहेर बाकावर खोकत बसलेले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हा खोकला घेऊन इथं थांबू नका. त्यांना बाधेल. घरी जा." काकूंना दारातूनच बघू दिलं. आप्पा म्हणाले, "मी जपाला बसतो तुझ्यासाठी. उठायचाच नाही."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बसू नका. बसलात की रस्त्यावरची माणसं मोजता. त्यापेक्षा तेवढं कुंपण छाटा. वळीव पडायच्या आत छाटलं तर बुडातनं फुटेल."

मरणाच्या दारात बाई आणि बोलते कशाबद्दल? कुंपणाबद्दल! संसार म्हणतात तो हाच, मंडळी.

ऑपरेशनच्या सकाळी आप्पांनी काय केलं? बसलेच पाटावर! खोड जाते का? माळ धरली. राम... आणि कसं सांगू तुम्हाला! मनात आलं, 'आत्ता लोकांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, काय जीव आहे आप्पांचा बायकोवर!'

बायको तिकडं टेबलावर, छाती उघडलेली — आणि हा गृहस्थ मनातल्या मनात गर्दी जमवतोय!

आप्पा चरकले. स्वतःची शिसारी आली. "अरे त्र्यंबका, आज तरी तिच्यापाशी एकटा जा की रे!" माळ पाटावर ठेवली आणि कोयता उचलला.

खट् — राम! पहिला बुंधा गुडघ्याशी तुटला. ती गेली तर? खट् — राम! उद्या 'अगं' म्हणून हाक मारू कुणाला? खट् — राम! खोकल्याची उबळ आली, तळहात सोलले, भस्म घामानं ओघळून दाढीत गेलं. माळ नाही, मोजदाद नाही. भिंत पडत गेली, रस्ता उघडा होत गेला. दूधवाला थांबला. रिक्षा थांबली. माणसं उभी राहिली — आप्पांना पत्ता नाही! ज्याला भिंतीपलीकडची चप्पल ऐकू यायची, त्याला घरात वाजणारा फोन ऐकू आला नाही!

शेवटी दिवस कलताना वृंदानं मालूताईंना फोन लावला. मालूताई फाटकाकडं वळल्याच नाहीत. वाकलेल्या तारेवरनं, छाटलेल्या खुंटांवरनं लुगडं सावरत सरळ आत! "अवो आप्पा! काकू सुदीवर आल्या! समदं नीट झालं! ह्यो घ्या, पोरगी बोलतीया!"

आप्पांनी फोन कानाला लावला. साऱ्या स्टँडला पुरणारा तो आवाज, आज पोरीपुरताच निघाला — "बोलली का गं ती?"

मालूताई डोळे पुसत म्हणाल्या, "सकाळधरनं रामाचं नाव चाललंय तुमचं, गल्ली ऐकतीया."

"माझं?" आप्पांनी मान वर केली. रस्त्यावर ही माणसं! हात जोडलेली! आणि जन्मात पहिल्यांदा त्र्यंबकआप्पा बघणाऱ्यांना बघून लाजले. पटकन आत गेले आणि दार लावून घेतलं.

आता कुणी विचारेल, बुवा, नामानं काकू बऱ्या झाल्या का? नाही हो! डॉक्टरांनी बऱ्या केल्या. त्यांचं श्रेय मी देवळात बसून का चोरू? मग नामानं काय केलं? एका म्हाताऱ्याला गर्दीतनं ओढून काढलं आणि मनानं बायकोच्या उशाशी नेऊन बसवलं. हे थोडं झालं?

अडुळसा वळवानंतर बुडातनं फुटला, दाट झाला. त्यावर मी एक ओवी जुळवलीय. चाल पेटीवाल्यांनी सांभाळून घ्यावी —

शेंडा मिरविला, बुंधा उघडा पडला।
शेंडा उतरविला, बुंधा दाट झाला॥

मंडळी, आपण सगळे वरून हिरवे! टिळे आहेत, माळा आहेत, माझ्यासारख्याला फेटासुद्धा आहे. बुडाशी वाकून बघायचं तेवढं राहून जातं. तर आजचा गजर जरा निराळा करू. टाळ खाली ठेवा. पेटीवाले, भाता मिटा. शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही, असं ओठातल्या ओठात एकदाच नाव घ्या. कुणासाठी घ्यायचं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मीही तुमच्याकडं पाठ करून देवाकडं तोंड करतो. मला जमेलच असं नाही, सवय नाही हो!

पण बघूया. घ्या...