आंबाडी कोणाची

वर्ध्याच्या बसस्टँडवर पुलगावच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर कॉलेजातली एक पोरगी आणि तिची मावशी बसली होती.

“मावशी, आज कॉलेजात मी बोलली ते समजलं का तुले?”

“अर्धंच. भाजी पोटात जाऊन हुकूम सोडते म्हनत होती तू.”

“भाजीतले लय बारीक रेणू, मायक्रोआरएनए. त्यातले काही रक्तात पोचत असतील अन् आपल्या जनुकायले सांगत असतील, तू काम कर, तू चूप राह्य.”

“असतील म्हंजे? पक्कं नाई?”

“नाई. शास्त्रज्ञ अजून भांडूनच राह्यले. पन मले वाटते, खरं निंगावं.”

“काऊन वं?”

“सारे म्हनतात, तू सावत्र माय हाय, रक्ताची नाई. पन लहानपनापासून तुह्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली मी. म्हंजे तू थोडीशी असशीन ना माह्या रक्तात?”

“मी नाई वं बाई. ते तुही माय.”

“माय कशी?”

“आंबाडी तिले आवडे. मले तं आंबट सोसतच नाई. ते गेल्यावर मी या घरात आली, तवा तुह्या आजीजवळून शिकली. म्हटलं, पोरीच्या तोंडी मायची चव राहू दे.”

“म्हंजे तू कधी खाल्लीच नाई?”

“मीठ पाहाले, बोटभर.”

“मावशी…”

“रडतं काऊन? गाडी येऊन राह्यली, डबा उचल.”

“तुले कोनती भाजी आवडते?”

“मले? कोहळ्याची.”

“मंग उतरल्यावर कोहळं घेऊ. आता तुहीबी जाऊ दे माह्या रक्तात.”